पिपीलिक सोन्याची कुळकथा

इ.स.पू. पाचव्या शतकात ग्रीक भाषेच्या आयोनियन बोलीत लिहिलेला हिरोडोटसचा ग्रंथ आणि महाभारतातील सभापर्व या दोन दूरच्या ठिकाणी एकाच वस्तूची नोंद सापडते, ती म्हणजे मुंग्यांकडून मिळालेले सोने. हा मेळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच होरेस हेमन विल्सन या संस्कृत पंडिताने दाखवून दिला असला, तरी त्याचा एक पैलू दुर्लक्षित राहतो: दोन्ही ग्रंथांत हे सोने प्रवासवर्णनात किंवा पशुकथेत प्रथम येत नाही, तर सम्राटाकडे जमा झालेल्या करभाराच्या यादीत येते. या एका धाग्याने हिरोडोटसची कार्यपद्धती जितकी उलगडते, तितकी ती त्याच्या युद्धवर्णनांनीही उलगडत नाही.

हिरोडोटसचा जन्म इ.स.पू. ४८४ च्या सुमारास हॅलिकार्नासस येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील बोडरुम या बंदरात झाला. हे ग्रीक शहर त्या वेळी इराणच्या हखामनी सम्राटांच्या अमलाखाली होते, म्हणजेच ग्रीक-इराणी युद्धांचा हा इतिहासकार जन्माने इराणी साम्राज्याचा प्रजाजन होता. त्याच्या ग्रंथाचे नऊ भाग पुढच्या काळात ग्रीक कलादेवतांच्या नावांनी ओळखले जाऊ लागले, सिसेरोने त्याला इतिहासाचा जनक म्हटले आणि प्लुटार्कने त्याच्या दुष्टबुद्धीवर स्वतंत्र निबंध लिहिला. ग्रीक व परकीय अशा दोघांच्याही थोर कृत्यांचा विसर पडू नये आणि ते एकमेकांशी का लढले हे समजावे, असा हेतू त्याने आरंभीच सांगितला आहे. त्यासाठी त्याने इजिप्तपासून काळ्या समुद्रापर्यंत प्रवास केला, पण भारतात तो कधीच आला नाही. भारताविषयी त्याने जे लिहिले ते सर्व ऐकीव आहे.

त्याच्या तिसऱ्या भागात सम्राट दरायसने साम्राज्याचे वीस प्रांत कसे पाडले आणि प्रत्येकावर किती कर बसवला, याची तपशीलवार यादी आहे. त्यात विसावा प्रांत भारतीयांचा असून त्यांचा कर सर्वांत मोठा, म्हणजे ३६० टॅलंट सुवर्णरज इतका आहे. टॅलंट हे ग्रीक वजन असून येथे धरलेल्या युबोइक मापाने ही रास सुमारे नऊ टनांची होते. सोने चांदीच्या तेरापट धरून हिरोडोटस याची किंमत ४,६८० टॅलंट चांदी अशी काढतो आणि ती साम्राज्याच्या एकूण जमेत मिळवतो. हा हिशेब मांडून झाल्यावरच तो भारतीयांकडे वळतो आणि ज्या विपुल सोन्यातून ते राजाला सुवर्णरज देतात ते सोने त्यांना कसे मिळते, हे आता सांगतो असे म्हणतो. म्हणजे पुढची प्रसिद्ध कथा ही मुळात जमाखर्चातील एका नोंदीवरचे भाष्य आहे.

ती कथा अशी: कास्पाटिरोस नगराजवळ आणि पाक्टिइके प्रदेशालगत, इतर भारतीयांच्या उत्तरेला, बॅक्ट्रियन लोकांसारखे राहणारे लढवय्ये भारतीय वसतात आणि त्यांच्या बाजूच्या वाळवंटात कुत्र्याहून लहान पण कोल्ह्याहून मोठ्या मुंग्या आहेत. या मुंग्या बिळे करताना जी वाळू वर टाकतात ती सोन्याने भरलेली असते. सोने आणायला निघालेला माणूस तीन उंट जुंपतो, दोन बाजूंना नर आणि मध्ये नुकतीच व्यालेली मादी. मुंग्या उन्हाच्या तडाख्याने बिळात गेल्या की तो पिशव्या भरून पळ काढतो. वासावरून सुगावा लागलेल्या मुंग्या पाठलाग करतात, नर उंट मागे रेंगाळू लागतात, पण पिलांच्या ओढीने मादी वेग कमी करत नाही आणि त्यामुळे माणसाचा जीव वाचतो.

नवख्या वाचकाने येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा: ही हकिकत इराणी लोक सांगतात, असे हिरोडोटस स्पष्टपणे नोंदवतो. त्याच भागात उत्तरेकडील एकाक्ष माणसे ग्रिफिन नावाच्या प्राण्यांकडून सोने चोरतात ही वार्ता येते तेव्हा, बाकी सर्व बाबतींत इतरांसारखी असलेली पण एकाच डोळ्याची माणसे जन्माला येतात यावर आपला विश्वास नाही, असेही तो सांगतो. जे सांगितले जाते ते नोंदवणे हे आपले कर्तव्य आहे, त्या सर्वांवर विश्वास ठेवणे हे मात्र नाही, हे त्याचे तत्त्व सातव्या भागात आले असून ते संपूर्ण ग्रंथाला लागू असल्याचे त्यानेच म्हटले आहे. म्हणून मुंग्यांच्या कथेबाबत योग्य प्रश्न ती खरी की खोटी हा नसून, इराणी लोकांना ती कोठून मिळाली हा आहे.

या प्रश्नाचे उत्तर सभापर्वात आहे. युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञाला कोणकोणत्या राजांनी काय काय आणले, हे मत्सराने पोळलेला दुर्योधन धृतराष्ट्राला सांगतो तेव्हा मेरू आणि मंदर यांच्यामधील शैलोदा नदीच्या काठी, कीचक वेळूंच्या सावलीत राहणाऱ्या खस, कुणिंद, तंगण, परतंगण इत्यादी लोकांचा उल्लेख येतो. त्यांनी पिपीलिक नावाचे, द्रोणाने मोजले जाणारे सोने राशीराशींनी आणले होते. ‘पिपीलिका’ म्हणजे मुंगी हे मराठी वाचकाला सांगायला नको. या श्लोकात एक महत्त्वाचा पाठभेद आहे: प्रचलित पाठात हे सोने मुंग्यांनी ‘उद्धृत’ म्हणजे वर काढलेले आहे, तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत, ज्यातील सभापर्वाचे संपादन फ्रँकलिन एजर्टन यांनी केले, ते मुंग्यांनी ‘वरदत्त’ म्हणजे वर म्हणून दिलेले आहे. दुर्बोध पाठ आधीचा आणि सुबोध पाठ नंतरचा, हा पाठचिकित्सेचा सर्वमान्य नियम लावला तर कोणा लेखकाने ‘वरदत्त’ हा अनपेक्षित शब्द बदलून सरळ अर्थाचा ‘उद्धृत’ घातला असावा, हे पटण्यासारखे आहे. तसे असेल तर सर्वांत जुन्या पाठात मुंग्यांनी सोने उकरल्याचे स्पष्ट विधानही नाही, केवळ नाव आणि मुंग्यांचा संबंध आहे.

‘द्रोणमेय’ हे विशेषण तर या प्रकरणाची किल्ली आहे. द्रोण हे धान्य मोजण्याचे माप; लगडी किंवा दागिने द्रोणाने मोजत नाहीत, त्याने मोजता येईल ती फक्त कणी किंवा रज. हिरोडोटसच्या यादीत इतर प्रांत चांदी देतात आणि भारतीय मात्र सुवर्णरज देतात, हा तपशील याच्याशी तंतोतंत जुळतो. उत्तरेकडचे लोक, कणीच्या रूपातील सोने आणि सम्राटासमोर भरलेला करभार या तीन गोष्टी एकत्र जुळणे हा योगायोग नव्हे. पर्सेपोलिस येथील अपादान प्रासादाच्या जिन्यावर कोरलेल्या शिल्पपटात भारतीय शिष्टमंडळातील एक माणूस खांद्यावर कावड घेऊन चालतो आणि कावडीच्या दोन्ही पारड्यांत लहान पिशव्या दिसतात. त्यांत सुवर्णरज असावी, असे अभ्यासक सामान्यतः मानतात.

यावरून येथे मांडायचा सिद्धान्त असा, की ‘पिपीलिक’ हे प्रथम मालाचे नाव होते आणि कथा त्या नावातून जन्मली. सोन्याला त्याच्या उगमावरून नाव देण्याची रीत भारतात रूढ होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जांबूनद, शातकुंभ, हाटक, वैणव असे प्रकार दिले आहेत. पिपीलिक हे नाव त्या यादीत नाही ही उणीव मान्य केली पाहिजे, पण उत्तरेचा तो माल मगधाच्या कोठारात नियमाने येत नसेल तर त्याचे नावही तेथे येण्याचे कारण नाही. मुंग्यांनी बिळाच्या तोंडाशी रचलेल्या मातीच्या ढिगांसारखे दिसणारे, नदीच्या गाळातून निवडलेले बारीक सोने या नावाने ओळखले जात असणार. इराणी कोषागारात ते नाव भाषांतरित झाले आणि कारकुनांना पडलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मुंग्यांना कोल्ह्याहून मोठे आकारमान मिळाले. मुंग्या मातीबरोबर धातूचे कण वर आणतात अशी समजूत होती आणि नावाचे मूळ तेवढेच आहे, या विल्सनच्या स्पष्टीकरणाशी हा सिद्धान्त विसंगत नाही.

महाभारताचा हा भाग हिरोडोटसनंतरचा असल्यामुळे भारतीयांनीच ग्रीकांकडून कथा उचलली असेल, हा आक्षेप टिकत नाही. उसनवारी करणारा कवी उंट, पाठलाग आणि राक्षसी मुंग्या हे रंजक भाग सोडून केवळ मालाचे नाव आणि माप घेईल, हे संभवत नाही.

इतर उपपत्तींपैकी पहिली खाणकामगारांची आहे. पंडित नैन सिंग यांच्या १८६७ मधील मोहिमेने पश्चिम तिबेटातील थोक जालुंग या सुवर्णक्षेत्राची माहिती आणली, तेव्हा थंडीमुळे अंगावर कातडी पांघरून जमिनीत खणणारे तेथील मजूर म्हणजेच त्या मुंग्या, असे मत डॅनिश विद्वान फ्रेडरिक शिएर्न यांनी मांडले. इ.स.पू. ३०० च्या सुमारास पाटलिपुत्रात राहिलेल्या मेगॅस्थिनिसने दरद लोकांच्या पठारावरील मुंग्या हिवाळ्यात खणतात असे लिहिले आहे आणि थोक जालुंगलाही गोठलेली जमीन ढासळत नाही म्हणून हिवाळ्यात काम जोरात चाले, हे या मताचे बळ आहे. पण माणसांना मुंग्या कोणी आणि का म्हटले, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. दुसरी उपपत्ती बर्थोल्ड लाउफर यांनी १९०८ मध्ये मांडली, की एका मंगोल जमातीचे नाव आणि मंगोल भाषेतील मुंगीचा शब्द यांच्यात घोटाळा झाला. मात्र ते जमातीचे नाव हिरोडोटसच्या काळी प्रचारात होते याला पुरावा नाही.

तिसरी आणि सध्या सर्वांत लोकप्रिय उपपत्ती मिशेल पैसेल या फ्रेंच संशोधकाची आहे. देवसाई पठार आणि सिंधूच्या वरचा प्रदेश येथे मार्मोट नावाचे, बिळात राहणारे खारीच्या कुळातील धष्टपुष्ट प्राणी आहेत. त्यांनी उकरलेल्या मातीतून आपले पूर्वज सोने गोळा करीत, असे तेथील दरद वंशाच्या लोकांनी पैसेल यांना सांगितले. अशा काही मुंग्या शिकार करून इराणच्या राजाकडे ठेवल्या आहेत, हे हिरोडोटसचे वाक्य या मताला अनुकूल आहे. तरीही मार्मोट गवत खातो आणि हिवाळाभर झोपतो, तर मेगॅस्थिनिसच्या मुंग्या शिकारीवर जगतात आणि हिवाळ्यात खणतात. सिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस याने छावणीत पाहिलेली मुंग्यांची कातडी बिबट्यासारखी होती, आणि रोमन लेखक प्लिनीच्या काळापर्यंत तर एका ग्रीक मंदिरात भारतीय मुंगीची शिंगेही मांडलेली होती. कातडे बिबट्याचे आणि शिंगे भलत्याच प्राण्याची, यातून एकच निष्कर्ष निघतो, की नाव आधी ठरलेले होते आणि त्याला साजेसा प्राणी प्रत्येकाने मागाहून पुरवला. मार्मोट हा त्या पुरवलेल्या प्राण्यांपैकी सर्वांत योग्य म्हणावा लागेल, पण मूळ नव्हे.

कास्पाटिरोस कोठे होते, याचाही वाद मिटलेला नाही. काश्मीर आणि कश्यप यांच्याशी नादसाम्य जोडणारे आहेत, तसेच अल्बिरुनीने मुलतानचे जुने नाव कश्यपपूर दिले आहे याकडे बोट दाखवणारेही आहेत. परंतु हिरोडोटसच्या आधीचा ग्रीक लेखक हेकाटियस या नगराला गांधारांचे नगर म्हणतो आणि दरायसने पाठवलेला स्कायलॅक्स तेथूनच नावा घेऊन सिंधूमार्गे समुद्राकडे निघाला, त्यामुळे पेशावरचे खोरे हेच अधिक सयुक्तिक ठरते. हा स्कायलॅक्स हॅलिकार्नाससजवळच्या कॅरियांडाचा होता, म्हणून भारताच्या वार्ता हिरोडोटसच्या गावापर्यंत एका पिढीत पोहोचल्या असणार.

‘पिपीलिक’ नावाच्या सिद्धान्तापुढची खरी अडचण वेगळी आहे. सुसा येथील राजवाड्याच्या बांधकामाविषयीच्या शिलालेखात दरायस स्वतः सोने सार्डिस आणि बॅक्ट्रियाहून आल्याचे सांगतो, भारताच्या सिंध प्रांतातून मात्र हस्तिदंत आल्याचे. बांधकामासाठी मागवलेला माल आणि वार्षिक कर यांच्या वह्या निरनिराळ्या असू शकतात, हे त्याचे उत्तर होय; पण ३६० टॅलंट हा आकडा प्रत्यक्ष वसुलीचा मानण्यापेक्षा आकारणीचा मानणे अधिक सुरक्षित आहे.

हिरोडोटसला भाबडा म्हणणाऱ्यांनी त्याच्या मुंग्या पाहिल्या, पण त्या कोणत्या वहीतून आल्या हे पाहिले नाही. त्याने कराची नोंद, तिचे स्पष्टीकरण आणि ते स्पष्टीकरण देणाऱ्यांचे नाव या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या, म्हणूनच आज त्यांचा मेळ संस्कृत पाठाशी घालता येतो. ज्याला त्याच्या नऊ भागांचे ओझे वाटते त्याने तिसऱ्या भागातील प्रांतांची यादी आणि मुंग्यांचे प्रकरण आधी वाचावे, त्याशेजारी चिकित्सक आवृत्तीतील सभापर्वाचा ४८ वा अध्याय उघडावा आणि त्यानंतरच पहिल्या भागाकडे वळावे.