सातवाहन साम्राज्य : उदय, सत्ता आणि अस्त

शेवगाव तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी ओलांडली की पैठण लागते. हेच प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. आजचा अहिल्यानगर जिल्हा म्हणजे या राजधानीचा शेजार. नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी डेक्कन कॉलेजच्या वतीने १९५४ पासून उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाण वस्तीच्या वरच्या थरांत सातवाहनकालीन वसाहत मिळाली. रोमन व्यापारातून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडेही सापडले.

उदय

शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ याला त्याचाच सेनापती पुष्यमित्र शुंग याने इ.स.पू. १८५ च्या सुमारास ठार केले. मौर्यांनंतर दख्खनमध्ये जी सत्ता उभी राहिली ती सातवाहनांची. सिमुक हा या घराण्याचा संस्थापक. त्याच्यानंतरचा कण्ह (कृष्ण) राजा याच्या काळात श्रमणांसाठी नेमलेल्या महामात्राने नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत एक लेणे कोरवून घेतले. कोकणातली बंदरे आणि घाटमाथा जोडणारा नाणेघाट ताब्यात असणे, हे त्यांच्या बळाचे मोठे कारण.

संघर्ष आणि वैभव

क्षहरात क्षत्रप नहपान याने पश्चिमेकडचा बराच मुलूख जिंकला. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने त्याची सत्ता मोडली. याचा पुरावा नाण्यांत आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगलथेंबी येथे १९०६ मध्ये नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटवला आहे.

सातवाहन बौद्ध होते का?

समाजमाध्यमांवर तसे सर्रास लिहिले जाते. शिलालेख मात्र वेगळे सांगतात. नाणेघाटातील नागनिकेच्या लेखात अश्वमेध आणि राजसूय यज्ञांची नोंद आहे. गौतमीपुत्राची आई बलश्री हिच्या नाशिक येथील लेखात मुलाने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला, असे कौतुक आहे. आणि त्याच लेखात ते लेणे भद्रायनीय भिक्खूसंघाला दान दिले आहे. म्हणजे राजे वैदिक परंपरा मानत, तरी संघाला आश्रय देत. संघाचा समाजावर एवढा प्रभाव होता की कोणत्याही सत्तेला त्याच्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नव्हते.

अस्त

इ.स. १५० च्या जुनागढ लेखात क्षत्रप रुद्रदामन दख्खनच्या सातकर्णीला दोनदा हरवल्याचे सांगतो. यज्ञश्री सातकर्णीने काही काळ राज्य सावरले. नंतर त्याचे तुकडे पडले आणि तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात ही सत्ता संपली. नाशिक भागात आभीर आले.

संघ कोणाच्या जोरावर टिकला?

नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण ठेवले होते. त्यावर दरमहा शेकडा एक व्याज येई आणि त्यातून वर्षावासातील २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळत. सातवाहन गेल्यावर, आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी, विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने हीच पद्धत वापरली. तिने कुंभार, तेली आणि जलयंत्रे बनवणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवली. हेतू एकच : आजारी भिक्खूंना औषध मिळावे.

क्षत्रप, सातवाहन, आभीर अशा तीन सत्ता बदलल्या, पण कारागिरांच्या श्रेणी आणि उपासक-उपासिकांचे दान थांबले नाही. आपण मात्र 'कोणता राजा आपला' या वादात अडकतो आणि विष्णुदत्तेचे नावही आपल्याला माहीत नसते. लेणी संवर्धनाला जाणाऱ्या तरुणांनी झाडलोट आणि वंदनेबरोबर तिथला एक तरी शिलालेख समजून घ्यावा. वादात उतरताना 'अमुक राजा बौद्ध होता' या घोषणेपेक्षा तो लेख हातात असणे जास्त उपयोगी पडते.