सार्वजनिक उद्यानांतील हरणे : संख्या, सुरक्षा आणि नियोजन

दक्षिण दिल्लीतील हौज खास येथील आदित्यनाथ झा मृगोद्यान 'डिअर पार्क' या नावाने ओळखले जाते. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या अखत्यारीतील या उद्यानात १९६०च्या दशकात मोजकी हरणे आणण्यात आली होती. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने जून २०२३ मध्ये या उद्यानाची लघु प्राणिसंग्रहालय म्हणून असलेली मान्यता रद्द केली, तेव्हा तेथील हरणांची संख्या सुमारे ६०० वर गेली होती. झपाट्याने वाढलेली संख्या, जवळच्या नात्यातील प्रजनन आणि रोगप्रसाराची भीती ही त्यामागील प्रमुख कारणे होती. बंदिस्त उद्यानातील हरणांच्या संख्येकडे वेळीच लक्ष न दिल्यास पुढे कोणतीही उपाययोजना किती कठीण होते, याचे हे उदाहरण आहे.

संख्या का वाढते?

भारतातील उद्यानांमध्ये प्रामुख्याने चितळ आढळतात. चितळाची मादी सुमारे साडेसात ते आठ महिन्यांच्या गर्भकाळानंतर बहुधा एका पाडसाला जन्म देते. या प्राण्याला प्रजननाचा ठराविक हंगाम नाही. वर्षभर पाडसे जन्मू शकतात. जंगलात वाघ, बिबट्या आणि रानकुत्रे यांच्यामुळे ही वाढ मर्यादित राहते. उद्यानात शिकारी प्राणी नसतात आणि वैरण रोज मिळते.

साध्या हिशेबाने हे स्पष्ट होते. समजा, एका आवारात १० प्रौढ माद्या आहेत, प्रत्येकीला वर्षाला एक पाडस होते, त्यांतील निम्म्या माद्या असतात आणि त्या दोन वर्षांनी प्रजननक्षम होतात. एकही मृत्यू झाला नाही असे मानल्यास प्रौढ माद्यांची संख्या काही वर्षांतच २० होते. आवाराचे क्षेत्रफळ मात्र तेवढेच राहते. परिणामी गवत संपते, जमीन उघडी पडते आणि झाडांची नवी रोपे तग धरत नाहीत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटिशांनी अंदमान बेटांवर चितळ नेले. तेथे त्यांना नैसर्गिक शत्रू नसल्याने ते अनेक बेटांवर पसरले व वनांच्या पुनरुत्पत्तीस बाधा आली.

नियंत्रणाचे मार्ग

लंडनमधील रिचमंड पार्क हे १६३७ मध्ये राजा पहिला चार्ल्स याने कुंपण घालून बंदिस्त केलेले उद्यान आहे. तेथे सुमारे ६३० हरणे आहेत. ही संख्या कायम राखण्यासाठी दरवर्षी हिवाळ्यात ठराविक हरणे बंदुकीने मारली जातात. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीस बंदी असल्याने आणि लोकभावनेचा विचार करता आपल्या उद्यानांत हा मार्ग अवलंबिला जात नाही. येथे तीन पर्याय उरतात.

पहिला, नर व माद्या यांना स्वतंत्र आवारात ठेवणे. हा उपाय सर्वांत सोपा आहे. मात्र तो कळप लहान असतानाच अमलात आणावा लागतो. दुसरा, निर्बीजीकरण अथवा गर्भनिरोधक लस. यासाठी प्रशिक्षित पशुवैद्यक आणि प्रत्येक प्राण्याची नोंद आवश्यक असते. केवळ काही नरांचे निर्बीजीकरण करून उपयोग होत नाही, कारण उरलेला एक नरही अनेक माद्यांशी समागम करू शकतो. तिसरा पर्याय स्थलांतराचा आहे.

स्थलांतरातील धोके

हरीण अतिशय भित्रे असते. पाठलाग करून किंवा जाळ्यात पकडल्यास त्याच्या स्नायूंना गंभीर इजा होऊन काही दिवसांनीही मृत्यू ओढवू शकतो. यासाठी मध्य प्रदेश व राजस्थानात आफ्रिकेतील 'बोमा' पद्धतीचा वापर करण्यात आला आहे. यात नरसाळ्याच्या आकाराचे कुंपण उभारून कळपाला हळूहळू आत आणले जाते व हाताळणी न करता थेट वाहनात चढविले जाते.

दिल्लीच्या मृगोद्यानातील हरणे राजस्थानातील वनक्षेत्रांत हलविण्यात आली, तेव्हा या कार्यपद्धतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने पुढील स्थलांतर थांबविले आणि केंद्रीय अधिकारप्राप्त समितीला पाहणी करण्यास सांगितले. पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या सहवासात वाढलेली हरणे वाघ-बिबट्यांच्या क्षेत्रात कितपत टिकतील, हा या वादातील महत्त्वाचा प्रश्न आहे. हलविण्यापूर्वी आरोग्य तपासणी, ओळखपट्टी, गर्भार माद्या व लहान पाडसांना वगळणे आणि नव्या जागी काही काळ संरक्षित आवारात ठेवणे ही खबरदारी त्यामुळेच आवश्यक ठरते.

आरोग्य आणि आहार

दाटीने राहणाऱ्या कळपात रोग वेगाने पसरतो. जुलै २०२५ मध्ये पुण्याच्या कात्रज येथील राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात लाळ्या-खुरकुताच्या प्रादुर्भावामुळे दहाहून अधिक चितळ दगावले. हा रोग गुरांमध्येही आढळतो. त्यामुळे बाहेरून येणारी वैरण, वाहने आणि परिसरातील मोकाट जनावरे यांवर लक्ष ठेवावे लागते.

अभ्यागतांनी टाकलेला कचराही तितकाच घातक ठरतो. जपानमधील नारा येथील उद्यानात २०१९ मध्ये मृत्युमुखी पडलेल्या नऊ हरणांच्या पोटात प्लास्टिक आढळले. त्यांपैकी एका हरणाच्या पोटातून ४.३ किलो प्लास्टिक निघाले.

अभ्यागतांनी घ्यावयाची काळजी

• हरणांना पाव, बिस्किटे अथवा कोणताही खाद्यपदार्थ देऊ नये. त्यामुळे त्यांचे पचन बिघडते व ती माणसांच्या अंगावर येऊ लागतात.
• मोकळ्या फिरणाऱ्या हरणांपासून दूर राहावे. रिचमंड पार्कमध्ये किमान ५० मीटर अंतर राखण्याची सूचना आहे.
• माजावर आलेला नर शिंगांनी गंभीर इजा करू शकतो. छायाचित्रासाठी त्याच्याजवळ जाऊ नये.
• गवतात एकटे बसलेले पाडस अनाथ आहे असे समजू नये. मादी त्याला लपवून जवळपास चरत असते. त्यास स्पर्श न करता कर्मचाऱ्यांना कळवावे.
• कुत्र्यांना हरणांच्या आवाराजवळ नेऊ नये.

या सर्व उपायांचा पाया दरवर्षीची गणना हाच आहे. नर, माद्या, पाडसे आणि मृत्यू यांची नियमित नोंद असल्यास दहा हरणांचा प्रश्न दहावरच सोडविता येतो. तोच सहाशेंवर गेल्यास त्याची किंमत त्या मुक्या प्राण्यांना मोजावी लागते.