शाहिराची छाप आणि रॅपरची भाकर

१/ शेलूबाजार हे वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील बाजाराचे गाव. आता समृद्धी महामार्गावर त्याच्या नावाचा इंटरचेंजही आहे. अशा गावातील एखाद्या तरुणाने रॅपवर पोट भरण्याचा निश्चय बोलून दाखवला, तर घरातून पहिला प्रश्न येतो : पैसे कोण देणार? महाराष्ट्रातील शाहिरांसमोर हाच प्रश्न शतकानुशतके उभा होता. त्यांनी शोधलेली उत्तरे आजही उपयोगी आहेत, आणि त्यांच्या चुकाही.

२/ वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तेथील राजा सर्वसेन स्वतः प्राकृत कवी होता. 'हरिविजय' हे काव्य त्याचेच. कवीच राजा असल्यावर मानधनाची चिंता कसली? ज्यांच्याकडे राज्य नव्हते, त्यांना मात्र आश्रयदाता शोधावा लागला आणि आपल्या शब्दांवर आपले नाव टिकवावे लागले.

३/ या नावासाठी शाहिरीत एक व्यवस्था होती. कवनाच्या शेवटच्या कडव्यात कवी स्वतःचे नाव गुंफत असे. तिला 'छाप' किंवा 'नाममुद्रा' म्हणतात. छापखाना नसलेल्या काळात गाणे तोंडातोंडी फिरत होते. त्यासोबत कर्त्याचे नावही फिरावे, ही त्यामागची योजना.

४/ अफजलखानाच्या वधावरील (१६५९) पोवाडा याचे ठळक उदाहरण. त्याचा कर्ता अज्ञानदास किंवा अगिनदास. या कवनात त्याची छाप आहेच, शिवाय बक्षीस म्हणून घोडा आणि सोन्याचा तोडा मिळाल्याचा उल्लेखही आहे. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह छापला, तेव्हा तो त्यात आला. कवीचे नाव सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ गाण्याच्या आधारेच टिकले होते.

५/ उत्तर पेशवाईतील 'होनाजी बाळा' ही छाप आणखी बोलकी आहे. ते एकाचे नाव नव्हे. होनाजी शिलारखाने रचना करीत आणि बाळा करंजकर गात. लिहिणारा आणि गाणारा, दोघांचीही नावे एकाच छापेत. आज रॅपर आणि बीट रचणारा यांच्यात ज्यावरून भांडणे होतात, तो श्रेयाचा प्रश्न या जोडीने असा मिटवला होता. या जोडीला दुसऱ्या बाजीरावाचा आश्रय होता.

६/ १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि तो आश्रयही गेला. आता गावोगावचा प्रेक्षक हाच धनी ठरला. फड उभे राहिले, जत्रांचे वेळापत्रक हेच कलावंतांचे वर्ष बनले. पुढे तमाशाच्या व्यवसायाची स्वतंत्र भाषा घडली : कार्यक्रम ठरवणे म्हणजे 'सुपारी', आगाऊ रक्कम म्हणजे 'इसार'. नारायणगावात आजही हंगामात फडांच्या राहुट्या पडतात आणि गावकारभारी तेथे येऊन तमाशा ठरवतात.

७/ या नव्या बाजारातील मोठे नाव म्हणजे पठ्ठे बापूराव, मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५). रेठरे हरणाक्षच्या या ब्राह्मण तरुणाने वतन आणि जात यांच्या चौकटी मोडून तमाशाचा फड धरला. पवळाबाईंच्या साथीने अफाट लोकप्रियता मिळवली. अखेरचे दिवस मात्र पुण्यात विपन्नावस्थेत गेले. लावण्या गाजत राहिल्या, छापही टिकली; पण त्या गाजण्याचा पैसा कर्त्याकडे आणून देणारी यंत्रणा नव्हती.

८/ वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांचीही कहाणी याच वळणाची. त्यांनी आंबेडकरी चळवळीसाठी हजारो गीते रचली आणि आयुष्य गावोगाव फिरण्यात घालवले. भीमजयंतीला असंख्य कंठांतून 'वामन' ही छाप उमटते. ध्येय पैशाचे नव्हते, हे खरे. तरीही गीत साऱ्यांचे झाले म्हणून गीतकाराची झोळी भरत नाही, हे येथेही दिसते.

९/ रॅपच्या जन्मगावीही हेच घडले. १९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' ही ध्वनिमुद्रिका जगभर गाजली. तिच्यातील बिग बँक हँक याने म्हटलेले शब्द बरेचसे ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझचे होते. कॅझचे जुने नाव कॅसानोव्हा फ्लाय. उसने घेतलेल्या ओळींत ते नावही तसेच राहिले. म्हणजे छाप ध्वनिमुद्रिकेवर उमटली, पण श्रेय आणि मोबदला कॅझला मिळाला नाही.

१०/ निष्कर्ष स्पष्ट आहे : छाप कीर्ती राखते, हक्क राखत नाही. हक्कासाठी कागद लागतो. भारतात गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात मोठा बदल केला : ध्वनिमुद्रणासाठी हक्क कंपनीला दिले, तरी रॉयल्टीतील आपला वाटा गीतकाराला सोडून देता येत नाही. पठ्ठे बापूरावांच्या काळी असे संरक्षण नव्हते.

११/ शेलूबाजारपासून फार दूर नसलेल्या अमरावतीचा सौरभ अभ्यंकर २०२३ साली 'हसल'च्या तिसऱ्या पर्वात देशापुढे आला. त्याचे मंचावरील नाव '१००आरबीएच'. शंभरासाठी हिंदी 'सौ' वाचा आणि पुढील अक्षरांचा 'रभ' जोडा; 'सौरभ' तयार! शाहिरांची नाममुद्रा नव्या लिपीत अशी अवतरली आहे.

१२/ तेव्हा घरातल्या त्या प्रश्नाचे उत्तर इतिहास असे देतो : पैसे देणारे बदलत राहतात. आधी दरबार, मग जत्रा, मग ध्वनिमुद्रिका, आता यूट्यूब आणि कार्यक्रमांच्या सुपाऱ्या. शेलूबाजारच्या तरुणाने कडव्यात आपली छाप जरूर ठेवावी. मात्र गाणे बाहेर पडण्यापूर्वी शब्द कोणाचे, बीट कोणाचे आणि वाटा किती, हे कागदावर लिहून घ्यावे. होनाजी आणि बाळा यांनी नावे जोडली होती. त्यांच्या वारसांनी हिशेबही जोडावा.