ॲरेतील घटक सरकवणे

ॲरेतील घटक त्यांचा आपसातील क्रम न मोडता एक किंवा अधिक जागा डावीकडे वा उजवीकडे नेण्याची क्रिया. ॲरेच्या मध्ये नवा घटक बसवताना, नको असलेला काढताना आणि इन्सर्शन सॉर्टमध्ये ती लागते. नवशिक्याला ती सहसा लूपपाठोपाठ शिकवली जाते.

ॲरेचे घटक मेमरीत सलग असतात. त्यामुळे इंडेक्स माहीत असला की कोणताही घटक थेट गाठता येतो; मात्र मध्ये जागा करायची तर त्यापुढचे सगळे हलवावे लागतात. न घटकांच्या ॲरेत अगदी सुरुवातीला भर घातली तर सर्व न घटक सरकतात, शेवटी घातली तर एकही नाही.

लूपची दिशा. विद्यार्थ्याच्या मनात सर्वप्रथम ठसायला हवे ते हे की, संगणक घटक उचलून नेत नाही, त्याची प्रत दुसऱ्या जागी लिहितो. जुन्या जागेवरची किंमत तशीच राहते, नव्या जागेवरची पुसली जाते. १२, ७, ३०, ५, १८ हा ॲरे एक जागा उजवीकडे सरकवायचा आहे असे समजू. इंडेक्स ० पासून मोजले आणि लूप १ पासून ४ पर्यंत चालवून प्रत्येक जागी तिच्या डावीकडची किंमत लिहिली, तर पहिल्याच फेरीत ७ पुसले जाऊन तिथे १२ येतात. दुसऱ्या फेरीत तेच १२ पुढे जातात आणि अखेरीस पाचही जागी १२ उरतात. लूप ४ पासून १ पर्यंत उलटा चालवला की १२, १२, ७, ३०, ५ असे योग्य उत्तर मिळते आणि शून्याची जागा नव्या किमतीसाठी मोकळी होते. डावीकडे सरकवताना लूप सुलटा, ० पासून ३ पर्यंत. तो ४ पर्यंत नेल्यास ॲरेबाहेरची जागा वाचली जाते: जावा व पायथन तिथेच त्रुटी दाखवतात, सी भाषेत मात्र काय होईल याची हमी नसते. प्रत्येक फेरीनंतरचा ॲरे कागदावर लिहून पाहणे ही या धड्याची सर्वात खात्रीची पद्धत होय.

चक्राकार सरकवणे. बाहेर पडणारा घटक दुसऱ्या टोकाला आणायचा असल्यास तो आधी वेगळ्या चलात जपून ठेवतात. अनेक जागांसाठी उलटवण्याची युक्ती सुबक आहे. वरचा ॲरे दोन जागा डावीकडे फिरवायचा तर पहिले दोन आणि उरलेले तीन घटक आपापल्या गटात उलटवावेत (७, १२, १८, ५, ३०) आणि मग सबंध ॲरे उलटवावा: ३०, ५, १८, १२, ७. जादा ॲरे लागत नाही. जॉन बेंटली यांच्या ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’मध्ये या रीतीचे विवेचन आहे.

तयार सोयी. सीमधील मेमकॉपी एकमेकांवर येणाऱ्या भागांसाठी वापरू नये. त्यासाठी मेममूव्ह आहे. जावात सिस्टिम.ॲरेकॉपी हे काम सुरक्षितपणे करते. पायथनच्या लिस्टमधील इन्सर्ट आतून घटकच सरकवते. या सोयी आधी शिकवाव्यात की हाताने लिहिलेला लूप, याबाबत शिक्षकांत एकमत नाही.

द्विमितीय ॲरे. प्रत्येक ओळीवर हीच कृती करतात.