फिरते चक्र आणि मानवी कर्ण : कृत्रिम गुरुत्वाच्या कल्पनेचा इतिहास

'कृत्रिम गुरुत्वाकर्षण' ही संज्ञा मराठीत रूढ झाली असली, तरी तिच्यातील 'आकर्षण' या घटकास वस्तुतः आधार नाही. फिरणाऱ्या यानात आतील मनुष्याचे शरीर जडत्वामुळे सरळ रेषेत जाऊ पाहते. यानाची बाहेरील भिंत त्यास अडवून सतत केंद्राकडे वळविते. पायांखालचा हा दाब म्हणजेच त्यास जाणवणारे वजन होय. तेव्हा येथे 'गुरुत्व' आहे, आकर्षण नाही. हा भेद शरीरासही कळतो, याची प्रयोगसिद्ध जाणीव होण्यास मात्र अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी रशियातील शाळाशिक्षक कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की यांनी ही कल्पना आपल्या लेखनात मांडली. तिला स्थापत्याचे रूप दिले ते हर्मान पोटोच्निक यांनी. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातील या निवृत्त अभियंत्याने 'नोर्डुंग' या टोपणनावाने लिहिलेल्या आणि १९२९ हे वर्ष छापलेल्या जर्मन ग्रंथात ३० मीटर व्यासाचे 'वोनराड', म्हणजे निवासचक्र, रेखाटले. सुमारे ८ सेकंदांत एक फेरा घेणाऱ्या या चक्राच्या परिघावर पृथ्वीइतके वजन जाणवले असते. गणित निर्दोष होते. तथापि त्या गणितात रहिवाशाचे शरीर ही एक निर्जीव राशी होती. वस्तुतः १५ मीटर त्रिज्येच्या चक्रात उभ्या मनुष्याच्या डोक्याशी हे गुरुत्व पायांपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी भरते.

१९५२ मध्ये वेर्नर फॉन ब्राउन यांनी 'कॉलियर्स' या अमेरिकन साप्ताहिकात सुमारे ७६ मीटर व्यासाचे चक्र सुचविले. त्याची गती मिनिटास ३ फेरे आणि गुरुत्व पृथ्वीच्या सुमारे एकतृतीयांश होते.

या गतीचा निर्णय अखेर अंतर्कर्णाने केला. फ्लोरिडातील पेन्साकोला येथे नौदलाच्या वैद्यकीय संशोधनसंस्थेत ॲश्टन ग्रेबील व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना फिरत्या खोलीत ठेवून केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. मिनिटास सुमारे पावणेदोन फेऱ्यांच्या गतीने फारसा त्रास झाला नाही. १० फेऱ्यांनी मात्र बहुतेक हैराण झाले. फिरत्या खोलीत मान वळविताच अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रव भलत्याच दिशेच्या गतीचा भास देतो. डोळे त्यास दुजोरा देत नाहीत आणि मळमळ सुरू होते.

गती निम्मी केली, तर तेवढ्याच गुरुत्वासाठी त्रिज्या चौपट करावी लागते. पृथ्वीइतक्या वजनासाठी मिनिटास ३ फेऱ्यांना सुमारे १०० मीटर, तर एका फेऱ्यास सुमारे ९०० मीटर त्रिज्या हवी. १९७५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठ व नासा यांच्या अभ्यासगटाने १०,००० रहिवाशांसाठी कल्पिलेल्या वसाहतीचा व्यास म्हणूनच १.८ किलोमीटर होता. चक्राचा हा विस्तार कल्पनेच्या हौसेने झाला नाही. तो कानाच्या मर्यादेने झाला.

प्रत्यक्ष अनुभव त्या मानाने अल्प आहे. सप्टेंबर १९६६ मध्ये जेमिनी-११ हे यान सुमारे ३० मीटर लांबीच्या पट्ट्याने अजीना या रॉकेटास जोडून संथपणे फिरविण्यात आले. उत्पन्न झालेले गुरुत्व पृथ्वीच्या सहस्रांशाहूनही कमी होते. १९७७ मध्ये सोव्हिएत कॉसमॉस-९३६ मधील फिरत्या यंत्रात ठेवलेल्या उंदरांची हाडे इतर उंदरांच्या मानाने कमी झिजली. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकासाठी जपानमध्ये तयार होत असलेला मोठ्या अपकेंद्रित्राचा कक्ष मात्र २००५ मध्ये रद्द झाला. पुढे लहान जपानी यंत्रात उंदरांवर प्रयोग झाले.

वजनरहित अवस्थेत अंतराळवीरांच्या नितंबाच्या हाडांतील खनिजांश दरमहा एक ते दीड टक्का घटतो. व्यायामाने ही हानी बरीच रोखता येते, पण त्यासाठी रोजचे सुमारे दोन तास खर्ची पडतात. तथापि मनुष्यास किती गुरुत्व पुरेसे, याचे उत्तर अद्याप नाही. दीर्घ वास्तव्याच्या अनुभवातून दोनच टोके माहीत आहेत : पृथ्वीवरील पूर्ण वजन आणि कक्षेतील शून्यवत वजन. चंद्रावरील एकषष्ठांश गुरुत्वात मनुष्य सलग सुमारे तीन दिवसांपलीकडे राहिलेला नाही, आणि तेही १९७२ मध्ये. एकतृतीयांश पुरेसे ठरले, तर फॉन ब्राउन यांच्याएवढे चक्र चालेल. पूर्ण गुरुत्व लागले, तर त्याच गतीने फिरणारे चक्र सुमारे २०० मीटर व्यासाचे हवे. मंगळाच्या यानाचा आकार या एका अनुत्तरित प्रश्नावर अवलंबून आहे.