मेंढपाळ देव आणि पंडिता रमाबाई

भगिनींनो, सुगी झाली की धनगर आपल्या शिवारात मेंढरे बसवायला येतात. दिवसभर उन्हात चालून संध्याकाळी वाडा लागतो आणि चालवत नाही ते कोकरू मालकाच्या खांद्यावर असते. ख्रिस्ती लोक देवाला ‘मेंढपाळ’ म्हणतात, त्याचा अर्थ आपल्या भागातील बाईला फार समजावून सांगावा लागत नाही. आपला श्रीकृष्ण गाई राखणारा, खंडेरायाची बाणाई धनगराची लेक. आपणांस ही कल्पना परकी वाटू नये.

तिचा उगम ज्यू लोकांच्या जुन्या स्तोत्रांत आहे. 23वे स्तोत्र दावीद राजाचे मानतात आणि हा दावीद लहानपणी बेथलेहेमात बापाची मेंढरे राखीत असे. या स्तोत्रात हिरवे कुरण आहे, संथ पाणी आहे, तशीच काळोखी दरीही आहे. संकट येणारच नाही, असे ते म्हणत नाही. त्या वाटेवर राखणारा काठी घेऊन बरोबर आहे, एवढेच म्हणते. पुढे येशूने शंभर मेंढरांची गोष्ट सांगितली. एक हरवले, तर धनी नव्याण्णव मागे ठेवून त्या एकाला शोधायला जातो. रोम शहराखालच्या दफनभूमीत तिसऱ्या शतकातील चित्रे आहेत. त्यांत खांद्यावर मेंढरू घेतलेला तरुण मेंढपाळ दिसतो. आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतात, तेही यावरूनच.

आता पंडिता रमाबाईंकडे वळू. त्यांचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने मुलीला. 1874 च्या सुमारास दुष्काळात आईवडील व थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास अनवाणी, अर्धपोटी देशभर हिंडले. 1880 साली भाऊही गेला. त्याच वर्षी लग्न झाले आणि 1882 साली पतीला पटकीने नेले. पदरात लहानगी मनोरमा! काळोखी दरी म्हणतात, ती याहून वेगळी काय असेल?

पतीच्या घरी आसामात त्यांच्या हाती लूकाने लिहिलेले शुभवर्तमान आले होते. हरवलेल्या मेंढराची गोष्ट याच पुस्तकात आहे. 1883 साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला आणि 1889 साली त्यांनी काढलेल्या शारदा सदनातून अनेकांनी आपल्या मुली काढून नेल्या. धर्म बदलावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. या लेखाचा तो विषय नाही.

विषय हा की, ज्या बाईला देव मेंढपाळ वाटला, ती स्वतः मेंढरासारखी मान खाली घालून बसली नाही. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या सुमारे 300 मुली-बायकांना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यात केडगावी ‘मुक्ती’ उभी राहिली. तेथे बायका विणकाम, शेती, छापखाना शिकल्या. आंधळ्या मुलींनाही तेथे जागा होती. शेवटची वर्षे रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालविली. 1921 साली मनोरमा गेली, तरी त्यांनी काम सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या जिल्ह्यातील किती घरांत एकेकच माणूस उरले! अशा माणसाला ‘देव सगळे चांगलेच करतो’ म्हटलेले सोसत नाही. ‘तू एकटी नाहीस’ हे मात्र सोसते, आणि तेही कोणी जवळ येऊन बसले तरच. दिलासा शब्दांनी थोडा आणि पायांनी अधिक पोचतो, हे मला रमाबाईंच्या चरित्रातून कळले.

भगिनींनो, वर्धापनदिनी आपण हजेरी मोजतो. जी आली नाही, तिच्या घरी उद्या कोण जाणार, हेही आजच ठरवू या.