बीड आणि अ‍ॅल्युमिनियम : चुलीवरील दोन धातूंची कहाणी

तलवारींचा आणि तोफांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. चुलीवरच्या भांड्यांची बखर मात्र फारशी कोणी लिहिली नाही. बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, भांडे घ्यावे की अ‍ॅल्युमिनियमचे, हा प्रश्न घरोघरी अजूनही विचारला जातो. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी हे दोन धातू चुलीपर्यंत कसे पोहोचले हे पाहणे उद्बोधक ठरेल, असे आम्हांला वाटते.

अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात पितळेची भांडी गरिबांना परवडत नसत. ब्रिस्टल येथील अब्राहम डार्बी या क्वेकर पंथीय कारागिराने यावर उपाय शोधला. वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याच्या कृतीचे पेटंट त्याने १७०७ साली मिळवले. पुढे दोनच वर्षांनी कोलब्रुकडेल येथे त्याने लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशापासून केलेला कोक वापरून लोहखनिज वितळवले. औद्योगिक क्रांतीचा एक उगम म्हणून इतिहासकार ज्या भट्टीकडे बोट दाखवतात, त्या भट्टीतून सामान्यांच्या घरची पातेली बाहेर पडत होती, ही गोष्ट विसरता येत नाही.

अ‍ॅल्युमिनियमची कथा नेमकी उलट आहे. १८२५ साली डेन्मार्कच्या ओर्स्टेड या शास्त्रज्ञाने हा धातू प्रथम वेगळा केला. १८५४ साली फ्रान्समध्ये देव्हिल याने तो काढण्याची सुधारित रीत शोधली, तरी त्याची दुर्मिळता सरली नाही. सम्राट तिसरा नेपोलियन मानाच्या पाहुण्यांपुढे अ‍ॅल्युमिनियमचे काटे-चमचे मांडीत असे, असे सांगतात. १८८४ साली वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर याच धातूचे टोक बसवण्यात आले. मग १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या, एकाच वर्षी जन्मलेल्या, दोन तरुणांनी विजेच्या साहाय्याने हा धातू काढण्याची रीत स्वतंत्रपणे शोधली. त्याची किंमत झपाट्याने उतरली आणि राजाच्या मेजावरचा धातू बाजारात आला.

भारतात त्याचा प्रवेश मद्रासमार्गे झाला. तेथील कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ साली अ‍ॅल्युमिनियमची भांडी घडवण्याचा प्रयोग सुरू केला. पत्रा परदेशातून येई, हात मात्र इथल्या कारागिरांचे होते. तांब्या-पितळेच्या भांड्यांना वरचेवर कल्हई लावावी लागे. या नव्या भांड्यांना तिची गरज नव्हती. महाराष्ट्रात त्यांना ‘जर्मन’ किंवा ‘जर्मल’ हे नाव पडले. १९४३ साली आळवे येथे हा धातू भारतातच तयार होऊ लागला.

गृहिणींनी ‘जर्मन’ का स्वीकारले, हे धातूचे गुणच सांगतात. बिडाची घनता सुमारे ७.२, तर अ‍ॅल्युमिनियमची २.७. त्यातून बिडाचे भांडे जाडही असते. भरलेला टोप चुलीवरून उतरवणाऱ्या स्त्रीच्या मनगटांना हा फरक कळतो. शिवाय अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे भांडे लवकर तापते. उलट, बीड उशिरा तापते, पण तापले की उष्णता धरून ठेवते. म्हणूनच घावन आणि आंबोळी बिडाच्या तव्यावरच साधते. तेल चोळून तो वारंवार तापवला की त्यावर चिवट काळा थर बसतो आणि पीठ चिकटत नाही.

आरोग्याच्या दृष्टीने पाहता, चिंच, कोकम, व्हिनेगर यांच्या आंबटपणाने दोन्ही धातू थोडे विरघळतात. लोखंड अंगी लागते. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये इथिओपियातील ४०७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घरी लोखंडी भांडी दिली होती, त्यांचे हिमोग्लोबिन अ‍ॅल्युमिनियमची भांडी वापरणाऱ्या घरांतील मुलांपेक्षा अधिक वाढले. अ‍ॅल्युमिनियमचा शरीराला असा उपयोग नाही. मात्र स्मृतिभ्रंशाशी त्याचा कार्यकारण संबंध सिद्ध झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०११ साली त्याची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला २ मिलिग्रॅम अशी ठरवली. खरी चिंता भंगारातून ओतलेल्या भांड्यांची आहे. कॅमेरूनमधील अशा भांड्यांतून अन्नात शिसे उतरू शकते, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. स्वस्तातले स्वस्त भांडे घेणाऱ्याच्याच ताटात हे विष पडते.

तेव्हा निवड कशी करावी? तवा आणि कढई बिडाची असावी. त्यात आंबट पदार्थ मुरत ठेवू नये. भात, पाणी आणि पंगतीचा मोठा टोप यांना चांगल्या प्रतीचे अ‍ॅल्युमिनियम चालते. आंबट कालवण मातीच्या भांड्यात किंवा स्टीलमध्ये करावे.

काळाने या दोन धातूंच्या जागा अदलाबदल केल्या. गरिबांसाठी ओतलेले बीड आज दुकानांत दिमाखाने मांडलेले दिसते, आणि सम्राटाच्या मेजावरचे अ‍ॅल्युमिनियम ‘गरिबाचे भांडे’ म्हणून हिणवले जाते. आम्हांला वाटते, शेजारणीच्या चुलीवरचा जर्मनचा टोप पाहून नाक मुरडण्यापेक्षा, तिला परवडणारे भांडेही निर्भेळ धातूचे असावे, असा आग्रह धरणे अधिक उचित होय.